निळ्या लोकरीची पिन

रोहन, मे महिन्यात तू माझी जुनी कॅसेट तुमच्या घरी घेऊन गेलास आणि ती कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यावर फोनवर विचारलंस, "आजी, चौथ्या गाण्यात मध्येच गाणं थांबतं. नुसता तबला आणि गिटार वाजते, मग सगळे परत गायला लागतात. असं दोनदा होतं. टेप बिघडलीय का?"

मी म्हणाले, जुनी आहे, बिघडली असेल.

टेप बिघडलेली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकाने यंदा मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, म्हणून खरं उत्तर इथंच देते. तू आणि निशा, दोघं भावंडं वाचा. अडलं तर आईला विचारा. या अंकात निवृत्त मास्तर शाळेविषयी लिहितात, नर्सबाई दवाखान्याविषयी. माझं आयुष्य वायरींत गेलं, तेव्हा मी वायरींविषयीच लिहिणार.

तुमच्या आजोबांचं उस्मानाबादला लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, सोसायटीची वार्षिक सभा, निवडणूक, सगळीकडे आमचे भोंगे जात. मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये इंग्रजी शिकलेली. नव्या यंत्राबरोबर येणारी इंग्रजी पुस्तिका मी वाचायची आणि आजोबांना सांगायची. वाचता वाचता सोल्डर करायला शिकले. रविवारी आजोबा सभांच्या गडबडीत असत, म्हणून आपल्या चर्चचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. "बाई वायर लावणार?" असं सुरुवातीला लोक विचारत. मग विचारेनासे झाले. भोंग्यातून शिट्टी वाजली की तेवढ्यापुरते सगळे वळून माझ्याकडे बघत.

काम समजायला सोपं आहे. प्रत्येक गाणाऱ्यापुढे एक माइक आणि हार्मोनियम-तबल्याच्या मध्ये एक. गिटारची वायर थेट यंत्रात. या सगळ्या वायरींच्या टोकाला पिना, आणि त्या पिना ॲम्प्लिफायरच्या पाठीत. कुठली पिन कुणाची हे अंधूक उजेडात कळावं म्हणून मी प्रत्येक पिनेला वेगळ्या रंगाची लोकर बांधायची. हार्मोनियमला पिवळी, गिटारला हिरवी. कार्यक्रम झाला की वहीत लिहून ठेवायची, काय कुठे लावलं आणि काय बिघडलं. आजोबा हसायचे, "दवाखान्यातल्या केसपेपरसारखं लिहितेस."

बिघडायचं ते बहुधा अर्थिंग. यंत्रातली चोरटी वीज जमिनीत जावी म्हणून एक लोखंडी खुंटी जमिनीत ठोकतात आणि तिथली माती ओली ठेवतात. माती कोरडी पडली की यंत्र गुणगुणतं, आणि गिटारच्या तारांना हात लावून माइकजवळ तोंड नेलं की ओठाला झिणझिण्या येतात. आमचा गिटारवाला रत्नाकर, सहकारी बँकेत कारकून, दर रविवारी ओठ चोळत माझ्याकडे यायचा. ऐंशीनंतरच्या त्या टँकरच्या उन्हाळ्यात मातीत ओल कुठली असणार? मी घरून कळशी न्यायची आणि उपासनेआधी खुंटीच्या खड्ड्यात ओतायची.

एका रविवारी मी पाणी ओतत होते आणि मागून आवाज आला, "बाई, खुंटीला तान लागली व्हय?"

त्या सगुणाबाई. तेरच्या पलीकडच्या एका गावाहून पहिल्या एसटीने यायच्या. साठीच्या, काटकुळ्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून दोन बोटं वाकडी झालेल्या. गावकुसाबाहेरची त्यांची वस्ती म्हणजे चार घरं ख्रिस्ती आणि बाकीची बौद्ध. भिंतीला भिंत, नात्यात नातं. मी त्यांना अर्थिंग समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग भजनाची वेळ झाली आणि त्यांनी ओळीला ओळ जोडून दिली:

माणूस रांगंत हुबं, घागर कोरडी ठाक,
खुंटीला पानी पाजी, बाई शिकलेली झ्याक.

सगळं चर्च हसलं. मीही हसले, पण कान तापले. त्या दिवशी टँकर आला नव्हता आणि बायका सकाळपासून घागरी मांडून बसल्या होत्या, हे मला येताना दिसलं होतं. पुढच्या रविवारपासून मी भांडी धुतलेलं पाणी नेऊ लागले. खुंटीला ते चालतं.

सगुणाबाईंची तीच पद्धत. नेहमीचं भजन धरायचं, मध्ये दोन ओळी आपल्या घालायच्या. मुकादमाविषयी, रेशनच्या मिलोविषयी, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीविषयी, एकदा चर्चच्या पाळकसाहेबांच्या लांबलेल्या उपदेशाविषयी. लोक त्या ओळींची वाट बघत.

आता उलट्या बॉक्सविषयी सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

भोंगे लोकांकडे तोंड करून असतात. त्यांच्या मागे उभं राहून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू आला नाही की तो ओरडतो आणि सूर सोडतो. म्हणून गाणाऱ्यांकडे तोंड करून एक वेगळा बॉक्स ठेवायचा. हे मी एका पुस्तिकेत वाचलं आणि सुताराकडून तिरपा बॉक्स करवून घेतला. त्याला आमच्याकडे नाव नव्हतं. लोक उलटा बॉक्स म्हणू लागले, कारण मंडळीतले एक वडीलधारे कितीतरी रविवार तो उचलून लोकांकडे फिरवून ठेवत आणि म्हणत, "बाईंच्या ध्यानात राहत नाही." मी परत फिरवायची. शेवटी त्यांना त्याच्यासमोर उभं करून दोन ओळी म्हणायला लावल्या, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

सगुणाबाई त्याच्यासमोर पहिल्यांदा गायल्या आणि अर्ध्यात थांबल्या.

"ही कोन गं बाई?"

"तुम्हीच, सगुणाबाई."

"माजा आवाज आसा हाय व्हय?" त्यांनी परत एक ओळ म्हणून बघितली. "बरा हाय की."

साठ वर्षांत त्यांनी स्वतःला पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यानंतर त्या गाताना लोकांकडे कमी आणि त्या बॉक्सकडे जास्त बघत, समोर कुणी ओळखीचं बसलंय असं.

हा बॉक्स चालवायला मी वेगळं छोटं ॲम्प्लिफायर घेतलं. प्रत्येक माइकच्या वायरीला दोन टोकं काढली. एक पिन मोठ्या यंत्रात, ती लोकांना ऐकवायची. दुसरी लहान यंत्रात, ती गाणाऱ्याला. सगुणाबाईंच्या दोन्ही पिनांना निळी लोकर. हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं, आणि आजूबाजूच्या गावांत असं कुणाकडे नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी मंडळीचा मोठा मेळावा ठरला. मैदानात मांडव घातला. दुष्काळात मिशनच्या मदतीने काही गावांत गाई आल्या होत्या, दूध सोसायट्या निघाल्या होत्या. म्हणून सगुणाबाईंच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन पाहुणे म्हणून यायचे होते. चर्चला नवी बोअर हवी होती आणि चेअरमनसाहेबांचं वरपर्यंत वजन होतं.

सकाळी तालीम झाली. सगुणाबाईंनी भजन धरलं आणि मध्ये ओळी घातल्या:

एका वढ्याचं पानी प्याली, तुमची गाय माजी गाय,
सोसायटीच्या कॅनात माज्या दुधाला जागा न्हाय.

हार्मोनियम थांबलं. मी विचारलं, "हे खरं आहे का?"

"मग काय, लबाड गाईन का देवाच्या दारात?" त्या म्हणाल्या. "गाय दिली मिशननं. दूध घिऊन गेलं की माप घालनारा म्हनतो, वस्तीचं दूध कॅनात पडलं तर बाकीचे घालनार न्हाईत. चरवी हातात घिऊन माघारी यायचं. बौद्धवाड्याचं बी तसंच. चेअरमनच्या घरी गेले तर वसरीच्या भायरनंच सांगत्यात, सायेब न्हाईत. आज सायेब समोर बसनार. उठून जानार कुटं?"

"आणि त्यांना राग आला तर?"

"येऊ द्या की. पन ऐकू तर जाईल."

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते मला पूर्ण ठाऊक होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

तालमीनंतर पाळकसाहेब माझ्या टेबलाशी आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरट होते. म्हणाले, "बाई, दुपारी सगुणाबाईंचा माइक जरा सांभाळा."

"सांभाळा म्हणजे?"

"तुम्ही सुज्ञ आहात."

एवढंच. मी नाही म्हणू शकले असते. त्यांनी माझं काय केलं असतं? चर्चमध्ये दुसरं कुणाला ते यंत्र लावता येत नव्हतं. पण मी कशाचा विचार करत बसले, तर कसं सांभाळायचं याचा. अडचण होती ती उलट्या बॉक्सची. पूर्वी एकदा शिट्टी येत होती म्हणून मी सगुणाबाईंचा आवाज कमी केला होता, तर त्या भर गाण्यात थांबून म्हणाल्या होत्या, "बाई, मी कुटं गेले?" आवाज कमी केला की त्यांना कळायचं. आणि कळलं की त्या माइक बाजूला सारून मोकळ्या गळ्याने गायल्या असत्या. खडीच्या कामावर शंभर बायकांना ऐकू जाईल असा तो गळा होता.

मग मला सुचलं. आवाज कमी करायचाच नाही. निळ्या लोकरीची एक पिन मोठ्या यंत्रातून काढून घ्यायची, दुसरी लहान यंत्रात राहू द्यायची. त्यांना स्वतःचा आवाज पूर्ण ऐकू येईल, मांडवाला अजिबात नाही. पाळकसाहेबांना माइक कमी हवा होता. ही युक्ती माझी. आणि सुचली तेव्हा मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. अवघड वायरिंग जमल्यावर होतो तसा.

दुपारी चारला मांडव भरला. चेअरमनसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर, भोंग्याच्या अगदी खाली. परदेशातल्या मिशनला पाठवायला पाळकसाहेबांना टेप हवी होती, म्हणून मोठ्या यंत्रातून एक वायर मी टेपरेकॉर्डरला दिली होती. तीन गाणी झाली. चौथं सगुणाबाईंचं. सगळ्यांनी धृपद म्हटलं, आणि त्यांची पाळी यायच्या आत मी निळी पिन ओढली. कट्ट असा बारीक आवाज झाला.

त्या गायल्या. गळा न ताणता, माइकवर गातात तशा. इतकं नेमकं त्यांना मी कधी गाताना पाहिलं नव्हतं. नजर आधी बॉक्सवर, मग सरळ चेअरमनच्या तोंडावर. दोन्ही ओळी दोनदा म्हटल्या. हार्मोनियम सकाळसारखंच त्या ओळींना थांबलं होतं. भोंग्यातून तबला आणि रत्नाकरची गिटार वाजत होती. मांडवातल्या लोकांना म्हातारी ओठ हलवताना दिसत होती. काहींना वाटलं असेल, विसरली. चेअरमनसाहेब तबल्यावर मान डोलवत होते. नुसती ठेक्यावर डोलणारी मान.

सगुणाबाईंनी ती मान पाहिली. स्टेजवरून खाली उतरताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या, माझा हात दाबला. "मान डुलवली की हो सायबानं," त्या म्हणाल्या. "माजी वाट मोकळी झाली बाई."

पिन तोवर परत जागेवर होती.

घरी गेल्यावर ती युक्ती मी तुमच्या आजोबांना सांगितली. कौतुक होईल असं वाटलं होतं. ते हातातली वायर गुंडाळायची थांबले.

"तिचा बॉक्स चालू ठेवलास?"

"म्हणून तर तिला कळलं नाही."

"सगळंच बंद केलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिला कळलं असतं." आणि परत वायर गुंडाळू लागले.

पुढच्या रविवारी सगुणाबाई आल्या, पण माइकजवळ गेल्या नाहीत. उपासना झाल्यावर मी वायरी काढत होते तिथे येऊन बसल्या. सोबत त्यांची लेक कांता होती.

"गेले हुते सोमवारी दूध घिऊन," त्या म्हणाल्या. "म्हनलं, आता घेत्याल. माप घालनारा म्हनला, कुनी सांगितलं? म्या म्हनलं, तुज्या सायबाला इचार, भरल्या मांडवात बोललेय, त्यानी मान डुलवलीय. तितं मांडवात आलेली चौघं हुती. हसाय लागली. म्हनली, म्हातारे, तू गायलीस कवा? तू तर नुसती तोंड हालवीत हुतीस."

मग म्हणाल्या, "बाई, माजा आवाज भायर गेला न्हाई का? मला तर ऐकू येत हुता."

मुलांनो, पिन काढली ती एक चूक. तिच्यासाठी मी स्वतःला काही कारणं देऊ शकते, पाळकसाहेब, बोअर, भीती. पण इथे समोर बसून, माझ्याकडे बघून, एका बाईने मला सरळ विचारलं. मी म्हणाले, "वायर सैल झाली असेल."

त्यांनी मान हलवली. "आसंल. मशीनच ती," त्या म्हणाल्या. उलट मलाच धीर दिला. "तुमी काय करनार त्याला."

दुधाचं पुढे झालं. वस्तीतल्या बौद्ध तरुणांनी अर्ज केले, चरव्या घेऊन डेअरीच्या दारात बसले, आणि वर्ष-दीड वर्षात दूध घेतलं जाऊ लागलं. त्यांच्यातल्या एकाने मला एक अर्ज इंग्रजीत लिहून द्याल का, असं विचारलं होतं. मी कामाची सबब सांगितली. चेअरमनला आधी कधी सांगितलं होतं हे त्या अर्जात लिहायचं, तर मेळाव्याचा उल्लेख करावा लागला असता.

सगुणाबाई त्यानंतर गायल्या, पण मधल्या ओळी घालणं त्यांनी सोडलं. नेहमीचं भजन, नेहमीच्या ओळी. पाळकसाहेब म्हणाले, वयाप्रमाणे माणूस शांत होतं. मी उलटा बॉक्स दर रविवारी त्यांच्यासमोर नीट पुसून ठेवायची. त्या त्याच्याकडे बघत नसत.

त्या वारल्यावर कांता दुकानात आली. "आईचा आवाज कुटंच न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. "फोटो हाय एक. मेळाव्याची कॅसेट हाय म्हनं तुमच्याकडं." कॅसेट माझ्या मागच्या फळीवर होती. मी सांगितलं, ओल लागून खराब झाली. उस्मानाबादच्या त्या कोरड्या हवेत ओल.

रोहन, तुझ्या फोननंतर मी तुला ते चौथं गाणं परत पाठवायला सांगितलं आणि रिकाम्या जागी आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढव म्हटलं. का ते तुला सांगितलं नव्हतं. मला एक शंका होती. तू पाठवलेलं मी कानाला लावून ऐकलं. आधी खरखर, तबला, गिटार. आणि त्यांच्या मागे, शेजारच्या घरात कुणी दळताना म्हणत असावं असं, बारीक: तुमची गाय माजी गाय.

ते कसं आलं हे मला लगेच कळलं. हार्मोनियमचा माइक उलट्या बॉक्सपासून हातभर अंतरावर होता, आणि त्याची पिवळी पिन मोठ्या यंत्रातच होती. त्यांना फसवायला जो बॉक्स मी चालू ठेवला, त्याचाच आवाज त्या माइकने उचलला होता. मांडवात तो कुणाच्या कानी पडला नसेल. टेपवर मात्र आहे. मी जुनी वही काढली. त्या दिवसाच्या पानावर माझ्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं आहे, "गाणे ४. निळी फक्त लहान यंत्रात. बिघाड नाही."

मागच्या महिन्यात मी रिक्षा करून कांताच्या गावी गेले. ती आता सत्तरीच्या जवळ आहे. ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी बसण्याआधीच सांगून टाकलं. वायर सैल नव्हती, पिन मी काढली होती, कॅसेटही खराब झाली नव्हती.

ती निवडत राहिली. मग सुपावरून हात न काढता म्हणाली, "त्या सोमवारी मी संगट हुते आईच्या. माघारी आल्यावर वस्तीभर च्या केला तिनं त्या दुधाचा. म्हनली, नासन्यापरीस पिऊ." थोड्या वेळाने म्हणाली, "मरस्तवर त्या वायरला शिव्या घालायची, बाई. तुमाला कवा नाव ठिवलं न्हाई."

मी मोबाइल काढला आणि गाणं लावलं. धृपद झालं, रिकामी जागा आली, खरखर एकदम मोठी झाली. चाळीस वर्षं यंत्रासमोर बसलेला हात. खरखर वाढली की तो आपोआप आवाज कमी करायला जातो. माझा अंगठा बटणावर गेला.

कांताने सूप बाजूला ठेवलं आणि माझं मनगट धरलं.

"हात काढा, बाई," ती म्हणाली. "येऊ द्या."